पिवळ्या ठिपक्यांची चुगली

रंगीत लेझर प्रिंटरवर कोऱ्या पानाच्या मधोमध एकच शब्द छापा, लाल किंवा निळ्या अक्षरांत. पान उजेडात धरा, उलटसुलट करून बघा. एक शब्द दिसेल, बाकी सगळं पांढरंशुभ्र. आता तेच पान अंधाऱ्या खोलीत न्या, त्यावर निळ्या एलईडीचा झोत टाका आणि भिंगातून निरखा. बहुतेक प्रिंटरांच्या बाबतीत त्या पांढऱ्या भागावर बारीक काळपट टिंबं पसरलेली दिसतील. टाचणीच्या टोकाएवढीही नाहीत, पण ठरावीक अंतरावर, ओळीत मांडलेली, आणि तीच मांडणी पानभर पुन्हा पुन्हा.

ही टिंबं तुम्ही छापलेली नाहीत. तुमच्या फाइलमध्ये ती नाहीत, पडद्यावर ती दिसत नाहीत, आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ती बंद करायची सोयही नाही. संगणकाकडून मजकूर येऊन पोचल्यानंतर, पिवळा टोनर कागदावर बसवताना प्रिंटर ती आपल्या मनाने घालतो. त्यांत प्रिंटरचा सिरीयल नंबर लिहिलेला असतो. बऱ्याच यंत्रांत पान छापल्याची तारीख आणि वेळही असते.

हे सांगितलं की बहुतेक जण दोनांतलं एक काहीतरी म्हणतात. एक तर, ‘काहीतरीच काय!’ नाहीतर, ‘असेनात का, मी थोड्याच नोटा छापतोय?’ पहिल्याचं समाधान भिंग करतं. दुसऱ्याला उत्तर द्यायचं तर जरा मुळापासून सुरुवात करावी लागेल.

पिवळाच रंग का?

रंगीत लेझर प्रिंटरमध्ये चार रंगांचे टोनर असतात: निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा. या चौघांत पांढऱ्या कागदावर सहज लपणारा एकच, तो म्हणजे पिवळा. पांढरा कागद त्याच्यावर पडलेला सगळा प्रकाश परत फेकतो. पिवळा रंग त्यातला फक्त निळा भाग गिळतो, लाल आणि हिरवा तसाच परत पाठवतो. एखादी गोष्ट उजळ आहे की गडद, हे आपला डोळा मुख्यतः लाल-हिरव्या भागावरून ठरवतो. निळ्याचा त्यातला वाटा अगदी थोडा. म्हणजे निळा गिळला गेला तरी डोळ्याला फारसा तोटा जाणवत नाही. त्यातून ठिपका जेमतेम ०.१ मिलिमीटरचा आणि दोन ठिपक्यांमध्ये साधारण १ मिलिमीटरचं अंतर. असा ठिपका नजरेतून निसटतो यात नवल नाही.

निळ्या उजेडात मात्र डाव उलटतो. आता कागदावर पडतोय तोच मुळी निळा प्रकाश. कागद तो परत फेकतो आणि निळा चमकतो. ठिपका तो गिळतो आणि काळा दिसतो. जी युक्ती पांढऱ्या उजेडात ठिपका लपवते, तीच निळ्या उजेडात त्याला उघडा पाडते.

निळा दिवा नसेल तर स्कॅनरवरही हा प्रयोग जमतो. पान रंगीत आणि जास्तीत जास्त बारकाव्यानिशी स्कॅन करा, चित्र सुधारायच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडा, लाल आणि हिरवा भाग काढून फक्त निळा भाग ठेवा आणि छायाप्रकाशाचा फरक वाढवत न्या. चित्र तिथल्या तिथे बोलू लागतं. फोनच्या कॅमेऱ्यातून काढलेल्या फोटोत बऱ्याचदा काहीच सापडत नाही. फोटोची फाइल लहान करताना रंगांचे असले बारीक तपशीलच आधी गाळले जातात.

टिंबांची बाराखडी

हे टिंबांचं लेखन वाचायचं कसं, हे पहिल्यांदा जाहीरपणे सांगितलं ते अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने, ऑक्टोबर २००५ मध्ये. झेरॉक्स कंपनीच्या डॉक्युकलर मालिकेतल्या प्रिंटरांची लिपी त्यांनी सोडवली. त्यासाठी लोकांकडून ठिकठिकाणच्या प्रिंटरांवर छापलेली नमुना पानं मागवली आणि ती एकमेकांशेजारी ठेवून ताडून पाहिली. कल्पना अगदी साधी आहे. एकाच प्रिंटरवर थोड्या-थोड्या वेळाने पानं छापली, तर जे ठिपके जागा बदलतात त्यांचा संबंध वेळेशी असणार. कितीही पानं छापली तरी जे हलत नाहीत, ते यंत्राचं नाव सांगत असणार. कुठल्याही गुप्त लिपीवर पहिला घाव असाच घालतात: काय बदलतंय आणि काय बदलत नाही, ते बघायचं.

त्या लिपीची एक चौकट म्हणजे १५ उभे स्तंभ आणि ८ आडव्या ओळी. प्रत्येक चौकोनात ठिपका असेल किंवा नसेल, तिसरी शक्यता नाही. सगळ्यांत वरची ओळ आणि सगळ्यांत डावीकडचा स्तंभ पडताळणीसाठी राखून ठेवलेले. त्यांच्याकडे नंतर वळू. उरलेल्या सात ओळींना वरून खाली किंमती दिलेल्या आहेत: ६४, ३२, १६, ८, ४, २, १. एका स्तंभात जिथे-जिथे ठिपका आहे तिथल्या किंमतींची बेरीज केली की त्या स्तंभाचा आकडा मिळतो.

समजा मिनिटांच्या स्तंभात ३२, ४ आणि १ यांच्या घरांत ठिपके आहेत. बेरीज ३७. म्हणजे पान कुठल्याशा तासाच्या सदतिसाव्या मिनिटाला छापलं. दुसरा स्तंभ मिनिटांचा, पाचवा तासांचा, सहावा तारखेचा, सातवा महिन्याचा, आठवा वर्षाचा. वर्षातलं शतक गाळलेलं असतं, म्हणून २००५ साठी नुसते ५, म्हणजे ४ आणि १ यांच्या घरांत ठिपके. दहाव्या स्तंभात सातही घरं भरलेली, तो विभाजक. त्याच्या पुढचे चार स्तंभ सिरीयल नंबरचे. प्रत्येकात दोन-दोन आकडे, मिळून आठ आकडी नंबर. एखाद्या स्तंभात ३२, १६, ८ आणि १ भरलेले असतील तर ५७, हे त्या नंबरातले दोन आकडे झाले.

आता पडताळणीची ओळ. मला या सगळ्या रचनेतला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. नियम असा की प्रत्येक स्तंभातल्या ठिपक्यांची एकूण संख्या विषम असली पाहिजे. ३७ लिहिताना तीन ठिपके लागले, तीन विषमच आहेत, तेव्हा वरचं घर रिकामं. ५७ लिहिताना चार लागले, ही सम संख्या. म्हणून वरच्या ओळीत एक जादा ठिपका टाकून पाच करायचे. आडव्या ओळींनाही हाच नियम, त्यांचा जादा ठिपका डावीकडच्या स्तंभात. समजा मजकुराचं एखादं काळं अक्षर नेमकं एका ठिपक्यावर बसलं आणि तो झाकला गेला. मग त्या स्तंभाची संख्या सम भरेल आणि त्या ओळीचीही. दोन्ही जिथे छेदतात तिथेच चूक. हरवलेला ठिपका न दिसताही त्याची जागा सापडते.

एवढं करूनही शंका उरलीच तर शेजारची चौकट आहे. अशी एक चौकट आजूबाजूच्या मोकळ्या जागेसकट साधारण ४ चौरस सेंटिमीटर जागा घेते, म्हणजे ए-४ आकाराच्या पानावर ती सुमारे १५० वेळा बसते. पानाचा कोपरा फाटला, मधे चहा सांडला, निम्मं पान जळालं, तरी एखादी धड चौकट कुठेतरी शिल्लक राहतेच. ज्याने हे रचलं त्याला कागद कसे मळतात आणि फाटतात याची चांगली जाण होती.

एक तळटीप इथेच देऊन टाकतो. ही वेळ येते प्रिंटरच्या स्वतःच्या घड्याळातून. ते घड्याळ कुणी लावलंच नसेल, किंवा दोन तास पुढे असेल, तर ठिपकेही तीच चुकीची वेळ तितक्याच ठामपणे सांगतील.

सगळ्या कंपन्यांची लिपी अशीच असते असंही नाही. २०१८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी १८ कंपन्यांच्या १०६ प्रकारच्या प्रिंटरांवरची पानं तपासली, तेव्हा त्यांना चार वेगवेगळ्या लेखनपद्धती सापडल्या. कुठे चौकट मोठी, कुठे ठिपके सरळ ओळीत नसून तिरपे.

भीती नोटांची होती

हा उद्योग सुरू झाला १९८० च्या दशकाच्या मध्यावर. हुबेहूब रंगीत छायाप्रती काढणारी यंत्रं बाजारात येऊ घातली होती. त्याआधी खोटी नोट छापायची तर ठसे कोरणारा कारागीर हवा, छापखाना हवा, शाईची जाण हवी. आता नोट काचेवर ठेवून एक बटण दाबलं की झालं, अशी सरकारांना धास्ती वाटू लागली. अशी यंत्रं विकू द्यावीत की नाही, इथपर्यंत शंका होत्या. झेरॉक्सने त्यावर तोडगा काढला: यंत्र विकू द्या, त्याने काढलेल्या प्रत्येक प्रतीवर आम्ही त्याची ओळख उमटवू. खोटी नोट सापडली की ती कुठल्या यंत्रातून निघाली ते कळेल. अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस आपल्याला राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांमुळे माहीत असते, पण १८६५ मध्ये ती स्थापन झाली ती खोट्या चलनाला आळा घालायला. हे काम आजही तिच्याकडेच आहे. ठिपके वाचून घेण्यात तिला रस असणं ओघानेच आलं.

सुमारे वीस वर्षं हे सगळं बिनबोभाट चाललं. ऑक्टोबर २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या तपास यंत्रणांनी कॅननच्या रंगीत लेझर प्रिंटरवर खोटी छपाई करणाऱ्यांचा माग या खुणांवरून काढला, त्याची बातमी झाली. पुढच्याच महिन्यात झेरॉक्सच्या एका वरिष्ठ संशोधकाने ‘पीसी वर्ल्ड’ या मासिकाला हा प्रकार काय आहे ते उघडपणे सांगितलं. त्यानंतर वर्षभरात लिपी फुटली.

चोरांना पकडायला माझा विरोध असायचं कारण नाही. खोट्या नोटा म्हणजे शेवटी कुणातरी गरिबाच्या हातात येऊन थांबणारा तोटा. माझा आक्षेप वेगळा आहे. ठिपक्याला नोट आणि पत्रक यांतला फरक कळत नाही. खोट्या नोटेवर तो जितक्या इमानाने उमटतो, तितक्याच इमानाने तो लग्नपत्रिकेवर उमटतो, डॉक्टरांच्या अहवालावर उमटतो, आणि कामगारांनी मालकाविरुद्ध गुपचूप वाटलेल्या पत्रकावरही.

हे असंच करावं लागतं, दुसरा इलाजच नव्हता, असंही म्हणता येत नाही. कारण दुसरा इलाज त्याच नोटांवर छापलेला आहे. अनेक देशांच्या नोटांवर पाच छोट्या वर्तुळांची एक विशिष्ट मांडणी विखुरलेली असते. २००२ मध्ये केंब्रिजमधले संगणकतज्ज्ञ मार्कुस कून यांनी ती हेरली आणि तिला यूरिऑन तारकासमूह असं नाव दिलं. युरोचं लघुनाम आणि मृग नक्षत्राचं ओरायन हे नाव जोडून. काचेवर ठेवलेल्या कागदावर ही पाच वर्तुळं दिसली की अनेक रंगीत कॉपियर प्रत काढायला साफ नकार देतात. या युक्तीत यंत्र समोर काय आहे ते बघतं आणि नोट असेल तरच अडवतं. तुमच्या-माझ्या पत्राशी त्याला काही देणंघेणं नसतं. पिवळे ठिपके मात्र काही न बघता सरसकट सगळ्यांवर शिक्का मारतात, आणि ज्याच्यावर मारला त्याला सांगतही नाहीत.

नंबरावरून माणसापर्यंत

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ठिपक्यांत तुमचं नाव नसतं. तुमच्या संगणकाचा पत्ता नसतो, फाइलचं नाव नसतं, कुणी बटण दाबलं तेही नसतं. असतो फक्त यंत्राचा नंबर आणि घड्याळाची वेळ. एकट्या नंबरावरून माणूस सापडत नाही. त्याला बाकीच्या वह्यांची जोड लागते.

पहिली वही कंपनीकडे: हा नंबर कुठल्या विक्रेत्याला गेला. दुसरी विक्रेत्याकडे: त्याने तो कुणाला विकला, बिल कुणाच्या नावाचं. तिसरी वही आपणच भरून देतो, वॉरंटीसाठी नोंदणी करताना किंवा दुरुस्तीला यंत्र देताना. प्रिंटर कचेरीतला असेल तर चौथी वही सर्व्हरवर आपोआप लिहिली जात असते: कुठल्या खात्यावरून, किती वाजता, किती पानं, बऱ्याचदा फाइलच्या नावासकट. ठिपक्यांनी सांगितलेली वेळ या चौथ्या वहीत बोट ठेवून शोधली की नाव हाती लागतं.

कधी-कधी तर एकही वही लागत नाही. समजा एक निनावी पत्रक आहे आणि एक तुमच्या सहीचा साधा अर्ज आहे, दोन्ही रंगीत छापलेले. दोन्हींवर एकच नंबर निघाला, की ते एकाच यंत्रातून आले हे सिद्ध. प्रिंटर कुणाचा हे कळायचीही गरज उरली नाही. अर्जावरच्या सहीने ते काम केलं.

२०१७ मधलं अमेरिकेतलं रिॲलिटी विनर प्रकरण या संदर्भात नेहमी सांगितलं जातं, आणि नेहमी थोडं चुकीचं सांगितलं जातं. विनर ही राष्ट्रीय सुरक्षा संस्थेसाठी काम करणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीतली भाषांतरकार. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीआधी रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याने मतदान व्यवस्थेशी संबंधित लोकांच्या संगणकांत शिरायचा प्रयत्न केला होता, अशा आशयाचा एक गोपनीय अहवाल तिने छापून ‘द इंटरसेप्ट’ या वृत्तसंस्थेला टपालाने पाठवला. वृत्तसंस्थेने ५ जून २०१७ रोजी त्या कागदांचं स्कॅन आपल्या बातमीबरोबर प्रसिद्ध केलं. काही तासांतच सुरक्षातज्ज्ञ रॉबर्ट ग्रॅहम यांनी ते स्कॅन उघडून, रंग उलटे करून, पिवळे ठिपके जगाला दाखवले. यंत्राचा नंबर २९५३५२१८, छपाई ९ मे २०१७, सकाळी ६ वाजून २० मिनिटं.

त्यामुळे ‘ठिपक्यांनी विनरला पकडून दिलं’ अशी कथा रूढ झाली. पण तारखा बघा. तिला अटक झाली होती ३ जूनला, म्हणजे बातमी येण्याच्या दोन दिवस आधी. तपास संस्थेने न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात ठिपक्यांचा उल्लेखच नाही. त्यात लिहिलेली हकिगत निराळी आहे. बातमीची खातरजमा करायला कागदांची प्रत सरकारकडे गेली, तेव्हा त्यांवर घड्या पडलेल्या दिसल्या. म्हणजे कुणीतरी ते छापून, घडी घालून बाहेर नेले होते. मग अंतर्गत नोंदी तपासल्या: तो अहवाल एकूण सहा जणांनी छापला होता. सहा जणांचे संगणक पाहिले, त्यांतल्या एकीच्याच संगणकावरून त्या वृत्तसंस्थेशी ईमेलवर संपर्क झालेला होता. संपलं. ऑगस्ट २०१८ मध्ये विनरला पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली.

मला ही खरी हकिगत रूढ कथेपेक्षा जास्त अस्वस्थ करते. ठिपक्यांची गरजच पडली नाही. चौथी वही एकटीच पुरली. आणि तरीही तेच ठिपके त्या स्कॅनमध्ये, जगभर कुणीही उतरवून घ्यावेत असे, पडून होते. तपास संस्थेकडे वही नसती तर तेवढ्यावरून ती यंत्रापाशी आणि मिनिटापाशी पोचली असती.

यंत्राचा हात ओळखणं नवं नाही

छापलेल्या अक्षरांवरून यंत्र ओळखायची धडपड जुनीच आहे. टंकलेखन यंत्राचं एखादं अक्षर जरा वर बसतं, एखाद्याची शेपटी झिजलेली असते. पत्र कुठल्या यंत्रावर टंकलं हे तपासनीस त्यावरून सांगत. रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीत १९८३ मध्ये तर फर्मानच निघालं होतं: टंकलेखन यंत्र बाळगायचं तर पोलिसांकडे नोंदणी करायची आणि त्या यंत्राच्या अक्षरांचा नमुना त्यांच्याकडे द्यायचा. म्हणजे भिंतीवर विरोधाचं पत्रक दिसलं की नमुन्यांशी ताडून बघायची सोय. त्या राजवटीला निदान घरोघरचे नमुने गोळा करून फायली सांभाळण्याचे कष्ट तरी पडत होते. इथे प्रत्येक पान आपला नमुना बरोबर घेऊनच बाहेर पडतं.

प्रिंटरचीही अशी नैसर्गिक हस्ताक्षरं असतात. आतला ड्रम आणि त्याला फिरवणारे दाते कधीच अगदी समगतीने फिरत नाहीत, त्यामुळे छपाईत डोळ्याला न जाणवणारे फिकट-गडद पट्टे येतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्येच दाखवून दिलं होतं की या पट्ट्यांवरून पान कुठल्या प्रिंटरमधून आलं ते ओळखता येतं. फरक इतकाच की पट्टे ओळखायला संशयित प्रिंटर किंवा त्याचा नमुना हाताशी असावा लागतो. ठिपक्यांचं तसं नाही; ते थेट नंबर वाचून दाखवतात.

कायद्याच्या बाजूने या प्रकाराकडे फारसं कुणी बघितलेलं नाही. युरोपीय संसदेत हा प्रश्न विचारला गेला तेव्हा २००८ मध्ये युरोपीय आयोगाच्या वतीने फ्रांको फ्रात्तिनी यांनी उत्तर दिलं. त्याचा मथितार्थ असा: या खुणांबद्दल वेगळा कायदा नाही, पण त्यांच्यावरून माणसाची ओळख पटत असेल तर त्याने खासगीपणाच्या आणि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या हक्काचा भंग होऊ शकतो. उत्तर स्वच्छ आहे. त्यानंतरही प्रिंटर ठिपके काढतच राहिले.

मग काय करता येतं?

ज्याला काही लपवायचं नाही त्यानेही निदान एवढं माहीत करून घ्यावं, की कागद निनावी असतो ही आपली जुनी समजूत रंगीत लेझरच्या पानाला लागू पडत नाही. ज्यांच्याकडे लोक विश्वासाने कागद आणून देतात, म्हणजे पत्रकार, वकील, तक्रारी हाताळणारे, त्यांनी तर हे पाठच करावं. हाती आलेल्या कागदाचं रंगीत स्कॅन जसंच्या तसं प्रसिद्ध करणं म्हणजे देणाऱ्याच्या यंत्राचा नंबर जाहीर करणं.

सर्वांत खात्रीचा उपाय सर्वांत कंटाळवाणा आहे: मजकूर नव्याने टंकून काढायचा आणि मूळ पानाचं चित्र बाहेर जाऊच द्यायचं नाही. चित्र दाखवणं भागच असेल तर ते निव्वळ काळ्या-पांढऱ्यात बदलायचं. इथे करड्या छटा ठेवून चालत नाही. प्रत्येक बिंदू एक तर पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा, अशी सक्ती केली की फिकट पिवळा आपोआप पांढऱ्यात जमा होतो. नुसत्या करड्या चित्रात ठिपके फिकट का होईना राहू शकतात, आणि ते पुन्हा गडद करता येतात.

छापतानाच काळजी घ्यायची असेल तर फक्त काळा टोनर असलेला प्रिंटर वापरावा. पिवळा टोनरच नाही, तर पिवळा ठिपका येणार कुठून? रंगीत यंत्रातला पिवळा टोनर काढून ठेवायची शक्कल काही जण सुचवतात, पण बरेच प्रिंटर एक टोनर नसला की अडूनच बसतात. रंगीत पानाची रंगीत छायाप्रत काढणं ही तर शुद्ध आगीतून फुफाट्यात. पहिल्या यंत्राचे ठिपके कदाचित पुसट होतील, पण दुसऱ्याचे कोरे करकरीत ठिपके त्यावर येऊन बसतील.

ड्रेस्डेनच्या त्या संशोधकांनी आणखी एक वाट काढली. ठिपके पुसता येत नाहीत ना, मग गर्दीत हरवून टाकू. ‘डेडा’ नावाचं त्यांचं मुक्त सॉफ्टवेअर आधी तुमच्या प्रिंटरचे ठिपके कुठे-कुठे पडतात ते शिकून घेतं आणि मग तुमच्या फाइलमध्ये नेमके जादा पिवळे ठिपके घालतं. प्रिंटरने रिकामी ठेवलेली घरंही भरली गेली की आकड्यांना अर्थ उरत नाही. मात्र जादा ठिपके मूळ चौकटीवर काटेकोर बसावे लागतात, म्हणून आधी नमुना पान छापून, स्कॅन करून मोजमाप जुळवून घेण्याचा खटाटोप आहे. शिवाय ज्या लिपी त्या सॉफ्टवेअरला ठाऊक आहेत, त्यांच्यापुरताच त्याचा उपयोग.

पानावर ठिपके सापडले नाहीत तर हायसं वाटून घेऊ नये. फ्रंटियर फाउंडेशनने बरीच वर्षं प्रिंटरांची एक यादी चालवली होती: या मॉडेलवर ठिपके आढळले, त्यावर आढळले नाहीत. नंतर त्यांनी ती वाढवणं थांबवलं आणि वर इशारा लिहिला, की अलीकडचे बहुधा सगळेच रंगीत लेझर प्रिंटर कुठली ना कुठली खूण उमटवतात आणि ती पिवळ्या ठिपक्यांचीच असेल असं नाही. भिंगातून काही दिसलं नाही याचा अर्थ एवढाच, की भिंगातून काही दिसलं नाही.

स्वतः पडताळून बघायचं असेल तर एक निळा एलईडी, एक भिंग आणि दोन दिवसांची सवड पुरते. आज रंगीत शब्द असलेलं एक पान छापा आणि ठेवून द्या. उद्या दुसऱ्याच वेळेला तेच पान पुन्हा छापा. दोन्ही शेजारी-शेजारी मांडून अंधारात निळा उजेड टाका, आणि एक-एक चौकट पेन्सिलीने कागदावर उतरवून घ्या. यंत्र वेळ नोंदवणारं असेल तर दोन-चार स्तंभांतले ठिपके इकडचे तिकडे झालेले दिसतील, बाकीचे जिथल्या तिथे. हलले ते घड्याळाचे. लिपी डॉक्युकलरसारखी असेल तर न हललेल्यांतल्या सिरीयल नंबरच्या स्तंभांची एकेक करून बेरीज करा आणि प्रिंटर वळवून त्याच्या मागच्या पट्टीवरचा नंबर वाचा.